मॅडम, तुमचा मुलगा कुठे शिकतो?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. मगरीबची नमाज आटोपून मी भाकऱ्या थापायला घेतल्या होत्या. ओटीवरून मुलाचा आवाज आला, "अम्मी, लिबर्टीला उर्दूत काय म्हणतात?"

"आझादी."

"आणि ट्रॅडिशनला?"

"रिवायत. मराठीत परंपरा. कशाला पाहिजे तुला?"

"दोन्हींपैकी एक घ्यायचंय. पाच मिनिटं झाली, ठरत नाहीये."

मी उर्दू आणि मराठी या दोन भाषा शिकवते. घरात कुणी शब्दाचा अर्थ विचारला की मला आतून बरं वाटतं, कारण असं फारसं होत नाही. माझा मुलगा इंग्रजी माध्यमात शिकला. तेव्हा पिठाच्या हातानेच मी ओटीवर गेले.

माझ्या भावाने दोह्याहून येताना आणलेला जुना लॅपटॉप, आणि त्यावर त्यानेच घालून दिलेला गेम, 'सिव्हिलायझेशन ५'. २०१० सालचा, म्हणजे मुलांच्या हिशेबाने म्हातारा. मारधाडीचा नाही. बुद्धिबळासारखा आळीपाळीने खेळायचा. आपण आपली चाल करायची, मग बाकीच्या राज्यांची चाल होते, मग पुन्हा आपली. इसवी सनपूर्व ४००० मध्ये आपल्याकडे वसाहत करणाऱ्यांचा एक तांडा आणि एक लढवय्या एवढंच असतं. तिथून शहर वसवायचं, शेती करायची, विद्या मिळवायच्या, शेजाऱ्यांशी तह किंवा लढाई करायची, आणि २०५० पर्यंत यायचं.

यात 'संस्कृती' नावाचे गुण हळूहळू साठत जातात. पुरेसे साठले की एक धोरण निवडता येतं. धोरणं झाडांच्या फांद्यांसारखी मांडलेली आहेत. सुरुवातीला जी झाडं समोर येतात त्यांतली दोन म्हणजे परंपरा आणि आझादी. परंपरा घेतली तर राजधानी बळकट होते, पहिल्या चार शहरांना संस्कृतीची एकेक इमारत फुकट मिळते, आणि सगळं झाड पूर्ण केलं की त्याच चार शहरांना पाणी आणणारा नळबांध मिळतो. थोडक्यात, मोजकी शहरं ठेवा पण ती भरभक्कम करा. आझादी घेतली तर एक नवा वसाहतीचा तांडा फुकट, एक कामगार फुकट, आणि झाड पूर्ण झालं की एक थोर माणूस आपल्या पदरी येतो. म्हणजे पसरा, शहरं वाढवा.

मला तीन अटी लक्षात राहिल्या. एक, घेतलेलं धोरण परत देता येत नाही. दोन, प्रत्येक पुढचं धोरण आधीच्यापेक्षा महाग पडतं. तीन, जितकी शहरं जास्त तितकी धोरणाची किंमत आणखी वाढते.

मुलगा अरबस्तान घेऊन खेळत होता. बादशहा हारून अल-रशीद, आणि राजधानी मक्का. शिक्षिकेच्या सवयीने मी म्हटलं, "अरे, हारून बगदादचा." माझी सासूही तिथेच तसबीह घेऊन बसली होती. 'मक्का' हा शब्द कानावर पडताच तिने वाकून पाहिलं. शेजारच्या राज्याची फौज शहराकडे येत होती. "या अल्ला, यो काय खेल? मना काय कलत नाय," असं म्हणून ती उठून आत गेली. अरबस्तानच्या कारवाँना लांबचा पल्ला मिळतो आणि तेलाचा साठा दुप्पट मिळतो, हे मुलाने सांगितलं तेव्हा मात्र आम्ही दोघंही हसलो. त्याचे अब्बू पंधरा वर्षं कुवेतला आहेत. आमच्या घराची चूल त्याच तेलावर पेटते.

भाकरी करपली. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. त्याचं कारण गेममध्ये नव्हतं.

मी पालीजवळच्या एका गावात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. पट दरवर्षी खाली येतोय. पाचवीत सात मुलं. २०२३ साली कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याची चर्चा राज्यभर झाली, तेव्हापासून आमच्या शिक्षकखोलीत पट हा शब्द हळू आवाजात उच्चारला जातो. ज्यांना जमतं ते पालक मुलांना व्हॅनने रत्नागिरीच्या इंग्रजी शाळांत पाठवतात. पालीच्या नाक्यावर सकाळी उभं राहिलं की दिसतं: एक रस्ता नाणीजवरून आंबा घाटाकडे, कोल्हापूरला जातो, दुसरा लांज्या-राजापूरवरून गोव्याकडे, आणि उलट दिशेला हातखंब्यावरून रत्नागिरी. व्हॅन सगळ्या त्या उलट दिशेला जातात. मी एसटीची वाट बघत उभी असते आणि माझे होऊ शकले असते ते विद्यार्थी समोरून जातात.

जूनमध्ये शाळा व्यवस्थापन समितीची सभा व्हायची होती. विषय एकच: पाचवीपासून सेमी-इंग्रजी करायचं का? म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचं उर्दूतून. मुख्याध्यापकांनी मला सांगितलं होतं, "दोन्ही बाजू तुम्हीच मांडा, मॅडम. तुमचं पालक ऐकतात." आणि मी सुट्टीभर ठरवू शकत नव्हते की माझी बाजू कोणती.

तर मुलगा क्रिकेटला गेला की मी गेम उघडायला लागले. चाळिशी लावून. मी भारत घेतला. भारताचे नेते गांधीजी. या गेममधले गांधीजी अणुबॉम्ब टाकण्यात सगळ्यांच्या पुढे असतात, हा खेळाडूंचा जुना विनोद. पहिल्या गेममधल्या एका चुकीमुळे तसं झालं अशी दंतकथा आहे, पण गेमचे जनक सिड मायर यांनी २०२० सालच्या आत्मकथनात अशी चूक नव्हतीच म्हणून सांगितलं. पाचव्या भागात मात्र गंमत म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलं आहे. मला गांधीजींची दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. भारत घेतला की शहरांच्या संख्येमुळे लोकांत येणारी नाराजी दुप्पट होते, आणि माणसांच्या संख्येमुळे येणारी नाराजी निम्मी. म्हणजे गेमच सुचवतो की भारताने थोडी शहरं करावीत, पण भरगच्च.

मी काय केलं? आधी परंपरेचं झाड उघडलं. मग वाटलं, आझादीकडेही बघू. तेही उघडलं. फुकटचा तांडा मिळाला म्हणून नवं शहर वसवलं, मग आणखी एक, मग आणखी. सहा शहरं झाली. लोक नाराज झाले, वाढ जवळजवळ थांबली, पुढचं धोरण इतकं महाग झालं की डाव संपत आला तरी मिळेना. शेजारचं राज्य तोफा ओतत होतं आणि माझे लोक अजून धनुष्यबाण घेऊन उभे.

मुलाने येऊन पाहिलं. "अम्मी, तू दोन्ही झाडांवर एकेक पाय ठेवलास. दोन्ही अर्धी राहिली. शेवटचं बक्षीस झाड पूर्ण केल्यावर असतं. सगळे एकच पूर्ण करतात."

"सगळे कोणतं करतात?"

"बहुतेक ट्रॅडिशन."

दोन्ही झाडांवर एकेक पाय. मी एकदम गप्प झाले. सकाळी उर्दूचा तास, दुपारी मराठीचा. घरात कोकणी. दुसऱ्यांची मुलं उर्दूत, स्वतःचा मुलगा इंग्रजीत. त्याने माझं सगळं आयुष्यच सांगितलं होतं आणि त्याला ते माहीतही नव्हतं.

गेममध्ये आणखी दोन झाडं आहेत, ती मला फार दिवस पुरली. एक 'पायटी', म्हणजे दीनदारी. दुसरं 'रॅशनॅलिझम', बुद्धिप्रामाण्य. सुरुवातीला ही दोन एकाच वेळी चालू ठेवता येत नसत. एक घेतलं की दुसरं बंद. पुढे गेममध्ये सुधारणा करताना ही अट काढून टाकली. आता दोन्ही घेता येतात. एवढंच नाही, दीनदारीच्या झाडाचीच एक फांदी आहे 'धार्मिक सहिष्णुता'. ती घेतली की शहरात दोन नंबरला असलेल्या धर्माच्या एका श्रद्धेचाही लाभ मिळतो. ही फांदी बुद्धिप्रामाण्याच्या झाडावर असेल असं मला वाटलं होतं. गेम करणाऱ्यांनी ती दीनदारीच्या झाडावर ठेवली. मला ते पटलं. माझ्या सासूने आयुष्यभर शेजारणीच्या गणपतीची पथ्यं सांभाळली, ती नमाजी होती म्हणूनच.

बुद्धिप्रामाण्याला उर्दूत 'अक्लियत'. अल्पसंख्याकाला 'अकल्लियत'. देवनागरीत लिहिलं तर डोळे चुकतात. उर्दूत पहिलाच शब्द ऐनने सुरू होतो आणि दुसरा अलिफने. इमला घालताना आठवीची मुलं हमखास गोंधळ करतात. मी लाल शाईने दुरुस्त करते आणि सांगते, "बाळांनो, एका अक्षराचा फरक आहे, पण अर्थ बघा कुठून कुठे जातो." आपल्या समाजाने हे एक अक्षर किती वेळा गोंधळात टाकलंय, असं कधी कधी मनात येतं. अल्पसंख्य आहोत म्हणून जे जपायचं, ते जपताना अक्कल बाजूला ठेवावी लागते असं आपण धरून चालतो. १८६६ साली देवबंदची मदरसा सुरू झाली आणि १८७५ साली अलीगढची शाळा. दीडशे वर्षं आपण ही दोन झाडं अशी सांगत आलो की जणू एक घेतलं की दुसरं बंद. ती अट कुणी घातली होती, आणि ती अजून आहे का, हे विचारायला हवं.

मग मी परंपरा या शब्दाकडे परत आले. आमच्या घरात एक पत्र्याचा डबा आहे. माझे सासरे जहाजावर खलाशी होते. बंदराबंदरांतून त्यांनी लिहिलेली पत्रं त्यात आहेत, सगळी उर्दूत. सासूला उर्दू वाचता येत नाही. रमजानच्या दिवसांत कधीतरी ती डबा काढते आणि मी वाचून दाखवते. एकदा ती ऐकता ऐकता हसून म्हणाली, "घरात असा कोन बोलतंय? यो बाबा माझ्याशी कोकणीत भांडायचा आणि कागदावर नवाब व्हायचा."

खरं आहे. आमच्या घरात उर्दू कुणी बोलत नव्हतं. कोकणी मुसलमानांची घरची बोली मराठीचीच सख्खी बहीण. उर्दू आम्ही शाळेतून, मौलवींकडून, मुंबईहून आणली. कधीतरी कुण्या पणजोबांनी ठरवलं की मुलांनी या भाषेत लिहावं, म्हणजे ती मोठ्या जगाशी जोडली जातील. आज आम्ही जिला परंपरा म्हणतो ती त्यांच्यासाठी आझादी होती. नवं गाव वसवायला निघालेला तांडा होता तो. आमच्याच जिल्ह्यातल्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी दुसरी वाट धरली, मराठीत लिहिलं, 'इंधन' कादंबरी मराठीत आली. त्यांच्या मतांवर आपल्यात भांडणं आहेत आणि राहतील. पण घरच्या बोलीच्या जवळचं झाड त्यांनी निवडलं, एवढं मान्य करायला हरकत नाही.

आणि उर्दूत विज्ञान शिकवता येत नाही असं कुणी म्हटलं की मी हैदराबाद आठवून देते. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचं माध्यम उर्दू ठेवलं होतं. त्यासाठी वेगळा अनुवाद विभाग उभारला, शास्त्रांची पुस्तकं भाषांतरित केली, हजारो पारिभाषिक शब्द घडवले. वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवलं. म्हणजे भाषा कमी पडली नव्हती. १९४८ मध्ये तिच्यामागचं राज्य गेलं आणि विद्यापीठ इंग्रजीकडे वळलं. झाड भरात होतं, पण पाणी घालणारा हात बदलला. आमच्या सात मुलांच्या पाचवीमागे तर कुठलाच निजाम नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी सभेला गेले. जूनचा पाऊस, पत्र्यावर ताशा वाजत होता. तीसेक पालक होते. निम्म्याहून जास्त आया, कारण बाप आखातात किंवा मुंबईत. मी दोन्ही बाजू मांडल्या. उर्दू ठेवली तर काय राहतं, सेमी-इंग्रजी केलं तर काय मिळतं, शिक्षकांची तयारी किती कमी आहे, हेही सांगितलं. एक आजोबा म्हणाले, "उर्दू गेली तर आमची मुलं कुणाची राहणार?" एक आई म्हणाली, "राहतील हो आमचीच, पण दहावीनंतर सायन्सला गेली की पहिल्याच दिवशी रडत घरी येतात त्याचं काय?"

मागे एक रिक्षावाले भाई बसले होते. त्यांची मुलगी चौथीतून पाचवीत येत होती. ते उठले आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमचा मुलगा कुठे शिकतो?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे मला दहा वर्षं माहीत होतं. उत्तरंही तयार होती. अब्बूंची नोकरी, बदलीची शक्यता, असं बरंच. पण त्या दिवशी ती तोंडातून आली नाहीत.

"रत्नागिरीत. इंग्रजी माध्यमात," मी म्हटलं. "पहिलीपासून. कारण मला भीती वाटली. मी ज्या शाळेत शिकवते तिथे माझं मूल मागे राहील अशी भीती वाटली. फी भरायला पैसे होते, म्हणून भीती पाळता आली."

कुणी काही बोललं नाही. पाऊस तेवढा चालू होता.

भाई म्हणाले, "मला राग नाही, मॅडम. मलाही तीच भीती आहे. माझ्याकडे व्हॅनचे पैसे नाहीत एवढंच."

गेम कुठे खोटा आहे ते मला तेव्हा कळलं. तिथे धोरण निवडणारा एकच असतो, तो सहा हजार वर्षं गादीवर असतो, आणि चुकीची किंमत त्याच्याच राज्याला पडते. शहरातली माणसं म्हणजे नुसता आकडा. इथे निवडणारे आम्ही, आणि किंमत मोजणारी मुलं. शिवाय निवड सगळ्यांना सारखी मिळतच नाही. मी एक झाड नोकरी म्हणून सांभाळलं आणि दुसरं विकत घेतलं. भाईंना जे काही मिळायचं ते याच एका खोलीतून मिळायचं होतं. त्यांना मी "उर्दू टिकवा" सांगणं म्हणजे माझ्या भीतीचं भाडं त्यांच्या मुलीने भरणं.

आणि आणखी एक. माझ्या मुलाला आजोबांचं एकही पत्र वाचता येत नाही. ती किंमतही कुणीतरी भरलीच आहे. मी तेही सभेत सांगितलं. भाईंनी मान हलवली. म्हणाले, "मग असं करा की माझ्या मुलीला दोन्ही जमेल. तुम्ही केलं तसं नको, आणि माझ्या बापाने केलं तसंही नको."

ठराव झाला. पाचवीपासून सेमी-इंग्रजी. उर्दूचा एकही तास कमी करायचा नाही, आणि गणित-विज्ञानाचे शब्द तिन्ही भाषांत द्यायचे. हे शेवटचं मी सुचवलं, म्हणून ते माझ्याच गळ्यात पडलं. मी भाषेची बीएड. विज्ञानाशी संबंध बारावीपुरता. आता रात्री वही घेऊन बसते. तीन रकाने आखते. ट्रँगल, मुसल्लस, त्रिकोण. फ्रॅक्शन, कसर, अपूर्णांक. फोटोसिंथेसिस, जियाई तालीफ, प्रकाशसंश्लेषण. 'कसर' पाशी मुलं हसतात, कारण मराठीत कसर म्हणजे काहीतरी कमी राहणं. मी म्हणते, तेच तर आहे, पूर्णाला थोडं कमी. त्या दिवशी अपूर्णांक त्यांना जितका पटकन कळला तितका मला कधी कुणी शिकवला नव्हता. मात्र काही दिवस अगदी उलटे जातात. इंग्रजी व्याख्या पाठ होते आणि अर्थ कुणालाच सांगता येत नाही, मलाही नीट नाही. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

पाचवीत आता नऊ मुलं आहेत. दोन व्हॅनमधून परत आली. सेमी-इंग्रजीमुळे आली की व्हॅनचं भाडं वाढल्यामुळे, ते मी विचारलं नाही.

मुलगा आता अकरावीला आहे. वहीतले शब्द तो लॅपटॉपवर टाइप करून देतो. उर्दूचा रकाना आला की मला हाक मारतो, कारण अक्षरं ओळखता येत नाहीत. मी म्हटलं, "हाक मारण्यापेक्षा शीक." तो अलिफपासून सुरू झाला, सध्या ऐनपर्यंत आलाय. वेग कासवाचा आहे. परवा त्याने पत्र्याच्या डब्यातलं एक पत्र काढलं आणि तासभर खपून पहिली ओळ लावली. ओळीत फक्त मजकुराआधीचा सलाम आणि बंदराचं नाव होतं. सासू शेजारी बसली होती. तिने ते पत्र माझ्याकडून पन्नासदा ऐकलं असेल. तरी म्हणाली, "परत वाच."